ऑपरेटिंग सिस्टिमांची तुलना : मराठी मजकुराच्या कसोटीवर

सूस हे मुळशी तालुक्यातले गाव २०२१ साली पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. मात्र संगणकाशी त्याचा शेजार त्याहून जुना आहे, कारण सूस खिंड ओलांडली की पाषाण लागते, जिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक सुरू झाला, आणि उत्तरेस हिंजवडीची आयटी नगरी आहे. अशा गावी जमलेल्या मराठी लेखक, मुद्रक आणि संगणक-व्यावसायिकांपुढे ऑपरेटिंग सिस्टिमांच्या तुलनेचा विषय मांडणे उचितच आहे, फक्त ती तुलना कोणत्या कसोटीवर करायची हे आधी ठरले पाहिजे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड आणि पडदा यांचा कारभार पाहणारी आणि इतर सर्व प्रोग्रॅमना त्यांचा वाटा नेमून देणारी मूळ आज्ञावली. तिच्या गाभ्याला, म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणाऱ्या भागाला, कर्नल म्हणतात. वेग, किंमत आणि व्हायरस या मुद्द्यांवर होणारे वाद बहुधा ज्याच्या टेबलावर जे यंत्र असते त्याच्याच बाजूने सुटतात, म्हणून ते बाजूला ठेवून मराठीत लिहिलेला मजकूर त्या यंत्रावर नीट दिसतो का, आणि यंत्र बदलल्यावर तो बरोबर येतो की मागेच राहतो, हा प्रश्न मराठी वापरकर्त्याने पहिल्यांदा विचारणे योग्य ठरेल.

महाराष्ट्रात विंडोज रुजली ती तिच्या गुणदोषांची छाननी होऊन नव्हे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि पेजमेकर यांच्या जोरावर डीटीपीचा व्यवसाय उभा राहिला, त्यातली बहुतेक साधने विंडोजवर चालणारी होती, आणि पुढे एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून गावोगावच्या विद्यार्थ्यांनी विंडोज म्हणजेच संगणक असे समीकरण मनाशी धरले. जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीतही चालू ठेवणे हे विंडोजचे खरे बळ आहे, आणि वीस वर्षांपूर्वीच्या फाइली आजही उघडाव्या लागणाऱ्या मुद्रकाला त्याचे मोल नेमके कळते. तेच तिचे दुबळेपणही आहे, कारण जुन्या सोयींबरोबर जुन्या फटीही राहतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने अशाच एका जुन्या फटीतून जगभर धुमाकूळ घातला, आणि ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊनही असंख्य कार्यालयांनी ती बसवलेली नव्हती.

खरा फरक पडला तो युनिकोडमुळे, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेमुळे. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अख्खी कादंबरी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन समोर येई. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवली जाते, परंतु पडद्यावर वेलांटी आधी दिसली पाहिजे, आणि ही अदलाबदल करण्याचे काम विंडोजमध्ये युनिस्क्राइब, लिनक्स व अँड्रॉइडमध्ये हार्फबझ, तर मॅकमध्ये कोअर टेक्स्ट हे भाग करतात. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार आणि मराठी कवी र. कृ. जोशी यांनी घडवला होता, तर लिनक्सवरील ‘लोहित’ फॉन्टांचे पुष्कळसे काम रेड हॅटच्या पुण्यातील कार्यालयात झाले. इनस्क्रिप्ट कळफलकही विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींत आहे, त्यामुळे तो शिकलेल्या टंकलेखकाला यंत्र बदलताना बोटांची सवय मोडावी लागत नाही. एक उणीव मात्र तिन्हींत सारखीच राहिली आहे : मुळशीच्या ‘दऱ्या’ दोन वेगवेगळ्या क्रमांक-मालिकांनी लिहिता येतात, पडद्यावर त्या हुबेहूब एकच दिसतात, आणि शोध घेताना एक सापडते व दुसरी निसटते.

मॅकविषयी थोडक्यात सांगता येईल. यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची असल्याने त्यांच्यात मेळ उत्तम असतो, बीएसडी युनिक्सच्या परंपरेमुळे पायाही भक्कम आहे आणि चित्रकार, जाहिरातकार यांना ती मानवते. पण किंमत आणि दुरुस्तीचा खर्च पाहता तालुक्याच्या वाचनालयाला तिचा विचार करण्याचे कारण नाही.

लिनक्सचा कर्नल लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहिला, आणि तो कोणालाही वाचता, बदलता, वाटता येतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते, प्रत्यूषही लिनक्सवरच चालत असे, आणि अँड्रॉइडच्या पोटातही तोच कर्नल आहे. असे असूनही टेबलावरच्या संगणकात तो मागे आहे, कारण इनडिझाइन त्यावर चालत नाही, एखादा स्कॅनर रुसतो, आणि नवख्याला आवृत्त्यांच्या गर्दीत निवड करता येत नाही. उघडी आज्ञावली आपोआप सुरक्षित असते हा समजही भाबडा आहे : २०२४ साली एक्सझेड या छोट्या साधनात कोणीतरी चोरवाट पेरली होती आणि लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो एवढ्यावरून ती आंद्रेस फ्रॉइंड यांनी पकडली, जे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होते! विंडोजही निर्धोक नाही : त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो दोष मायक्रोसॉफ्टचा नव्हता, परंतु परक्या प्रोग्रॅमला कर्नलमध्ये शिरू देण्याची मोकळीक विंडोजचीच होती.

या सर्वांचा निवाडा असा की जुन्या फाइलींवर पोट असलेल्या डीटीपी केंद्रांनी विंडोज सोडण्याची घाई करू नये, आणि शाळा, ग्रंथालये, साहित्य संस्था यांनी लिनक्सकडे वळण्यास आणखी उशीर करू नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागत असल्याने कित्येक धडधाकट संगणक कागदोपत्री निकामी ठरले आहेत. ते भंगारात देण्यापूर्वी संस्थांनी त्यांवर लिनक्स बसवून पाहावे, आणि प्रकाशकांनी श्री-लिपीत अडकलेली आपली पुस्तके, ती उघडणारी यंत्रे चालू आहेत तोवरच, युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत.