ताम्हण : ओळख आणि लागवड
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



समितीने मला 'वसाहतीतील वृक्षलागवड' हा विषय दिला. मी रुळांचा आणि पुलांचा माणूस. म्हणून एकाच झाडाबद्दल बोलतो.

इथे खरगपुरात कालबैसाखी आली की गुलमोहराची धास्ती वाटते. मूळ मादागास्करचा हा पाहुणा देखणा खरा, पण लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. मे २०२० च्या अम्फान वादळात कोलकात्यात हजारो झाडे पडली. पडलेल्या झाडाच्या जागी पुन्हा तेच लावायचे का? माझे उत्तर आहे : ताम्हण लावा.

ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. कोकणात नदी-ओढ्यांच्या काठी ते आपोआप वाढते. आपले बंगाली शेजारी त्यालाच 'जारूल' म्हणतात. म्हणजे झाड माहेरचेही आणि सासरचेही! लाकूड इतके कणखर की त्याच्या होड्या बांधतात. वादळात ते कधीच पडणार नाही असे नव्हे, पण गुलमोहरापेक्षा भरवशाचे.

ओळखायचे कसे? पाने साधी, मोठी, लांबट. गळण्यापूर्वी तांबूस होतात. एप्रिल ते जून फांद्यांच्या टोकांना जांभळे तुरे येतात. पाकळ्या बहुधा सहा, क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या. मध्ये पिवळे केसर. जॅकरंडाशी गल्लत करू नका. त्याची फुले नळीसारखी आणि पाने पिसासारखी असतात. ताम्हणाचे बोंड लाकडासारखे कठीण; वाळून उकलले की पंख असलेले बी बाहेर पडते.

हिवाळ्यात वाळलेली बोंडे गोळा करा, उन्हाळ्याच्या तोंडी पिशवीत बी पेरा. रोप हात-दीड हात वाढले की पावसाळ्यात लावा. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. त्यात माती व शेणखत. दोन झाडांत वीस-पंचवीस फूट अंतर हवे. ऊन भरपूर हवे, सावलीत फूल धरत नाही. विजेच्या तारांखाली आणि रुळालगत मात्र कोणतेही मोठे झाड लावू नका. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी पानगळीनंतर करावी.

खरी कसोटी पुढेच आहे. लावताना फोटोला सगळे असतात, पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी घालायला कोणी नसते. आपल्या बदल्या होतात, झाडाची होत नाही. म्हणून क्वार्टर सोडताना किल्लीबरोबर झाडही नव्या बिऱ्हाडाच्या स्वाधीन करा. विसर्जनानंतरही इथे पाऊस असतो. प्रत्येक इमारतीने यंदा एक रोप तरी लावावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!