प्रतिनिधी कोणाचा?



युद्ध रणांगणावर थांबते. ते संपते मात्र तहाच्या वाटाघाटींत. तेथे राष्ट्राच्या वतीने कोणी बसावे, हा प्रश्न म्हणूनच लोकमताचा ठरतो.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले. त्याचे फळ म्हणून १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत हिंदुस्थानला आसन मिळाले. डिसेंबर १९१८ मध्ये दिल्लीस भरलेल्या राष्ट्रसभेने लोकनियुक्त प्रतिनिधींची मागणी केली आणि लोकमान्य टिळक, महात्मा गांधी व सय्यद हसन इमाम यांची नावे सुचविली. टिळक तेव्हा चिरोल खटल्यासाठी लंडनमध्येच होते. पॅरिस जवळ होते. परंतु पारपत्र नाकारले गेले. अखेर परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्र लिहूनच त्यांना देशाची बाजू मांडावी लागली.

सरकारने नेमले ते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरनरेश गंगासिंह आणि सत्येंद्रप्रसन्न सिन्हा यांना. ही माणसे सामान्य नव्हती. सिन्हा तर १९१५ च्या मुंबई राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. उणीव योग्यतेची नव्हती, अधिकारदात्याची होती. त्यांना पाठविले सरकारने. जनतेला कोणी विचारलेच नाही. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानतर्फे माँटेग्यू आणि गंगासिंह यांनी सह्या केल्या. अवघ्या अकरा आठवड्यांपूर्वी जालियनवाला बागेत गोळीबार झाला होता. ज्या जनतेच्या नावाने सही झाली, तिची स्वदेशातील अवस्था ही अशी होती.

परतंत्र देशाचे हे झाले. स्वतंत्र अमेरिकेलाही लोकमताची उपेक्षा भोवली. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत अध्यक्ष विल्सन यांच्या पक्षाने काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतील बहुमत गमावले. तरीही पॅरिसला जाताना त्यांनी एकाही सिनेटरला बरोबर घेतले नाही. विरोधी रिपब्लिकन पक्षाचे एकटे हेन्री व्हाइट शिष्टमंडळात होते, तेही मुरलेले मुत्सद्दी, लोकनियुक्त पुढारी नव्हेत. परिणामी सिनेटने तो तह १९१९ मध्ये व पुन्हा १९२० मध्ये फेटाळला. ज्या राष्ट्रसंघाचा विल्सन यांनी एवढा ध्यास घेतला, त्याचे सदस्यत्व त्यांच्याच देशाने कधी स्वीकारले नाही.

तहाला सही पुरते. तह टिकण्यास संमती लागते. ती संमती जागरूक वाचकांतून घडते, आणि शंभर वर्षे वाचक घडविणाऱ्या ग्रंथालयाचे लोकशाहीवरील ऋण येथेच आहे.