नाव मोठे की सोय मोठी?



बारावीचा निकाल लागला की वस्तीत एकच चर्चा : पुण्याचं मोठं कॉलेज, की आपलं नगरचं? बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. नाव मोठे होते, पण खर्चाची सोय आधी झाली होती. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, प्रवेश कसा मिळतोय ते आधी बघा. इंजिनिअरिंगला कॅप फेरीतून नंबर लागला, तर पात्र मुलांना शिष्यवृत्ती मिळते. मॅनेजमेंट कोट्यात ती नाही. कॅपमधून पुणे मिळाले तर खुशाल पाठवा. वसतिगृह नाही मिळाले, तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा. पण नुसत्या नावासाठी आईचा दागिना गहाण टाकू नका. नगरला राहून मिळवलेली पदवीही पदवीच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!