सिगऱ्याचं छप्पर

फौजी माणूस आहे, भाषण लांबवणार नाही.

काशी म्हटलं की आपल्याला विश्वनाथ, घाट आणि अहिल्याबाई आठवतात. मला मात्र सिगरा आठवतो. वाराणसी कॅन्ट स्टेशनजवळच्या या भागात डॉ. संपूर्णानंद क्रीडांगण आहे. संपूर्णानंद काशीचेच. १९५४ ते १९६० ते उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री होते.

काशीचा खेळ मुळात उघड्यावरचा. घाटाकाठचे आखाडे, माती, जोडी-गदा, नागपंचमीच्या कुस्त्या. उघड्यावर खेळायचं म्हणजे पावसाच्या मर्जीनं खेळायचं. हे मी फार महागात शिकलो.

१९८६ चा पावसाळा. मी कॅप्टन होतो, नेमणूक वाराणसीत. शहरातल्या एका उघड्या सिमेंटच्या कोर्टवर आमच्या व्हॉलीबॉल संघाचा सामना होता. भुरभुर सुरू झाली. पंचांनी विचारलं, थांबायचं का? मीच म्हणालो, "फौजी पावसाला भीत नाही." तिसऱ्या सेटमध्ये आमचा सर्वांत चांगला खेळाडू ब्लॉकसाठी उडाला, खाली आला आणि घसरला. गुडघा गेला. वय वर्षं एकवीस. तो पुन्हा खेळला नाही. त्यानं मला कधी बोल लावला नाही, तेच जास्त टोचतं.

आता सिगऱ्याचं रूप पालटलंय. पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्याची पायाभरणी ७ जुलै २०२२ ला झाली, दुसऱ्या-तिसऱ्याची मार्च २०२३ मध्ये. हे दोन टप्पे २० ऑक्टोबर २०२४ ला खुले झाले. 'खेलो इंडिया' आणि स्मार्ट सिटी योजनेतून त्यांवर २१० कोटींहून जास्त खर्च झाला. बंदिस्त नेमबाजी रेंज, कुस्ती-बॉक्सिंगसारख्या खेळांची दालनं, खेळाडूंचं वसतिगृह, क्रीडाविज्ञान केंद्र असं सगळं एकाच आवारात आलं.

गेल्या पावसाळ्यात मी मुद्दाम गेलो. बाहेर धो-धो पाऊस आणि आत मुलं कोरड्या जमिनीवर उड्या मारत होती. मी बराच वेळ त्यांच्या गुडघ्यांकडेच बघत होतो.

पण एक गोष्ट मनात राहिली. छप्पर आलं की दार येतं. दार आलं की वेळापत्रक येतं, फी येते, पास येतो. आखाड्याला दार नव्हतं. गल्लीतलं पोर लंगोट लावून थेट मातीत उतरायचं. त्या पोराला या दारातून आत येता आलं, तरच २१० कोटी सार्थकी लागले म्हणायचं.

आपल्याकडेही जिल्ह्या-तालुक्यांत क्रीडा संकुलं आहेत. उद्या तुमच्या गावच्या संकुलात जा. तीनच गोष्टी विचारा. साध्या मुलांसाठी ते किती तास उघडं असतं? फी किती? आणि छप्पर गळतं का? गळत असेल, तर खेळ थांबवायला सांगा. मी नाही थांबवला.

जय हिंद.