लहान पोट आणि जुनी भूक

आषाढी एकादशीस बीड जिल्ह्यांतील नारायणगडावर भाविकांची दाटी होते; या स्थानास ‘धाकटी पंढरी’ म्हणण्याचा प्रघात आहे. तेथें येणाऱ्या उपवासकऱ्याचें पोट मागत असतें आणि मन नको म्हणत असतें. वजन उतरविण्यासाठीं ज्यांनीं जठरावर शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्यांची स्थिति नेमकी उलट. पोट नको म्हणतें, मन मागतें. श्रोतेहो, आज त्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे.

श्री. नितीन गडकरी यांनीं २०११ सालीं मुंबईंत अशी शस्त्रक्रिया करवून घेतली, तेव्हां वर्तमानपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली. तिच्या एका प्रकारांत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात; उरते ती केळ्याएवढी नळी. भूक चेतविणारा ‘घ्रेलिन’ नांवाचा स्राव मुख्यत्वें त्या काढलेल्या भागांतच उत्पन्न होतो. कोजिमा व कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनीं तो १९९९ सालीं शोधून काढला. साहजिकच पहिले कांहीं महिने पुष्कळांना भूक जाणवतच नाहीं. घरच्यांना वाटतें, गंगेंत घोडें न्हालें!

परंतु खरी गोम पुढेंच आहे. वर्ष-दीड वर्षांत भूक थोडीबहुत परततेच. शिवाय चार वाजतांच्या चहाबरोबरची, रिकामपणाची, लग्नाच्या पंक्तींतील आग्रहाची अशी जी दुसरी भूक, ती मधल्या काळांतहि जागीच असते. शस्त्र तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. पोटाची भूक सावकाश वाढते व तिला वरण-भाकरीहि चालते. मनाची एकाएकीं येते आणि तिला शेवच लागते. भूक नसतांनाचे ते महिने हा भेद ओळखावयास शिकण्याचे आहेत. आमच्याकडे ते बहुधा अभिनंदनांतच सरतात.

पानांत प्रथम अंडें, पनीर किंवा दाट वरण घ्यावें, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. घांस लहान, जेवण वीस-तीस मिनिटांचें. जेवतांना पाणी नको. अर्ध्या तासानें घोट-घोट घ्यावें. सरबत व आइसक्रीम यांपासून विशेष जपावें, कारण तीं भूक न भागवितां सहज खालीं उतरतात. अन्नाची वाट आंतड्याकडे वळविणारी दुसरी शस्त्रक्रिया झाली असेल, तर गोड खातांच छातींत धडधड, घाम व घेरी येण्याचा संभव असतो.

आतां एकादशीचें काय? साबुदाण्याच्या खिचडींत पिष्टच फार. प्रथिनें काय तीं दाण्याच्या कुटाचीं. निर्जळी तर करूंच नये, कारण लहान पोटाला दिवसाची तहान एकदम भागवितां येत नाहीं. उपवास करणेंच असेल तर डॉक्टरांस विचारून, दूध, दहीं व ताक यांवर करावा. बी-१२, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या त्या दिवशींहि चुकवूं नयेत. आणि वांती थांबत नसेल, तर उपवासाचें पित्त म्हणून स्वस्थ बसूं नये. बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूस व मज्जातंतूंस इजा होते. त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें.