रानाचा नकाशा

अहमदनगर जिल्हा म्हटला कीं उघडे माळ, ज्वारीचीं शेतें, उंसाचे मळे आणि पाण्याची टंचाई एवढेंच चित्र शहरांतल्या माणसाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, तरी तें चित्र बदललेलें नाहीं. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यांत, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे. आणि तेथून हरिश्चंद्रगडापर्यंतचा डोंगराळ मुलूख १९८६ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दुसऱ्या टोकाला, कर्जत तालुक्यांत, रेहेकुरी येथें काळविटांसाठीं राखलेलें लहानसें अभयारण्य आहे. तेथें दाट झाडी नाहीं, गवताळ माळ आहे. पण कायद्यानें तेंही रानच.

श्रोतेहो, अशा रानाची हद्द नेमकी कोठें पडते हें सामान्य नागरिकाला घरबसल्या शोधून काढतां येईल काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें, १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब स्वतः कसत आलें आहे, तिच्यावरील त्याचा हक्क चार हेक्टरांच्या मर्यादेंत मान्य होऊं शकतो. अकोल्याच्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या नाचणी-वरई पिकविणाऱ्या महादेव कोळी व ठाकर कुटुंबांच्या दृष्टीनें नकाशावरची एक रेघ म्हणजे वर्षाची भाकरी आहे.

आतां नकाशे मिळतात कोठें तें पाहूं. पहिला दरवाजा भारतीय सर्वेक्षण विभागाचा. १७६७ सालीं स्थापन झालेल्या या खात्याचीं पत्रकें पूर्वीं मिळविणें कष्टाचें होतें. २०१७ पासून पन्नास हजारांस एक या प्रमाणाचीं पत्रकें नांवनोंदणी करून संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेतां येऊं लागलीं, आणि २०२१ च्या नव्या धोरणानें नकाशांवरचे निर्बंध आणखी सैल झाले. जुन्या क्रमांकाप्रमाणें कळसूबाई व हरिश्चंद्रगड ४७ ई या चौकटींत आणि नगर शहर ४७ आय या चौकटींत येतें. नव्या मालिकेंत क्रमांक निराळे आहेत, हें ध्यानांत ठेवावें. डोंगराचे चढउतार, ओढे, पाऊलवाटा यांसाठीं या पत्रकांसारखा सोबती नाहीं.

दुसरा दरवाजा उपग्रहचित्रांचा. इस्रोचें 'भुवन' २००९ पासून सर्वांस खुलें आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा जुना चित्रसंग्रहही २००८ पासून मोफत मिळतो. २००५ पूर्वीं एखाद्या उतारावर शेती होती काय, हें पाहण्यास तो उपयोगी पडतो.

तिसरा दरवाजा गांवनकाशाचा. राज्य शासनाच्या 'महाभूनकाशा' या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गांव निवडलें कीं गटांच्या आकृति दिसतात. त्यांच्याशीं सातबारा ताडून पाहावा.

चौथा दरवाजा बहुतेक जण विसरतात, आणि तोच खरा महत्त्वाचा. राखीव वनाची हद्द मूलतः नकाशानें ठरत नाहीं. ती राजपत्रांतील अधिसूचनेनें ठरते. १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम ४ खालीं शासन आपला हेतु जाहीर करतें, मग लोकांच्या हक्कांची चौकशी होते, आणि कलम २० खालीं अखेरची घोषणा निघते. कलम ४ च्या अधिसूचनेंत हद्द रस्ते, नद्या, डोंगरधारा अशा ओळखीच्या खुणांनीं सांगितली तरी कायद्यास तें पुरेसें वाटतें. म्हणून ती अधिसूचना वाचावी, वनखात्याकडून कक्ष क्रमांक विचारून घ्यावा, आणि मग नकाशा उघडावा. जुने कागद शोधतांना आणखी एक सावधगिरी : १८८४ च्या गॅझेटियरांत आजच्या अकोले तालुक्याचें नांव अकोला असें आहे. तें वाचून कोणी वऱ्हाडांत जाऊं नये !

एवढे नकाशे हातीं आले म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. पन्नास हजारांस एक या प्रमाणांत अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पंचवीस मीटर जागा व्यापते. आपला गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांबरुंद चौकोन, सुमारें दहा मीटरांचा. म्हणजे त्या एका रेघेच्या जाडींत दोन गुंठे शेजारीं शेजारीं सहज बुडून जातात. लँडसॅटच्या नेहमीच्या चित्रांतील एक ठिपका तर जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. एवढ्याशा डोंगरशेतीचा निवाडा अशा रेघेवर किंवा ठिपक्यावर कसा करावा ?

रंगाचेंही तसेंच. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांत एक हेक्टरापेक्षां मोठ्या ज्या जागेवर झाडांची छाया दहा टक्के वा अधिक आहे, ती वनाच्छादन म्हणून मोजतात. जमीन कोणाची, हें तेथें पाहिलें जात नाहीं. त्यामुळें एखादी आंब्याची खासगी बाग हिरवी दिसते, आणि रेहेकुरीसारखा गवताळ माळ, कायद्यानें रान असूनही, त्या मोजणींतून निसटूं शकतो. हिरवा रंग झाडें सांगतो, मालकी सांगत नाहीं.

कायद्यानेंही हें ओळखलें आहे. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत नकाशे, उपग्रहचित्रें, गॅझेटियर, वनखात्याच्या कार्य आयोजना हे सारे पुरावे म्हणून धरले आहेत. परंतु २०१२ च्या दुरुस्तीनें स्पष्ट केलें कीं उपग्रहचित्र इतर पुराव्यांस जोड म्हणून असावें, त्यांच्या जागीं नव्हे. चित्रांत शेत दिसत नाहीं म्हणून म्हाताऱ्या गांवकऱ्याची साक्ष खोटी ठरत नाहीं.

तेव्हां नकाशे अवश्य शोधावे. तुमच्या घरीं महाजालाची सोय आहे, इंग्रजी व सरकारी भाषेचा सराव आहे. डोंगरांतल्या एखाद्या गांवाशीं तुमचा संबंध असेल, तर तेथील वनहक्क समितीला हे चार कागद मिळवून द्या, छापून द्या, मराठींत समजावून सांगा. आणि पुढच्या सुटींत त्या गांवच्या मंडळींबरोबर हे कागद हातीं धरून वनहद्दीच्या बुरुजापर्यंत एकदां पायीं जाऊन या. कागदावरची रेघ आणि जमिनीवरचा दगड एका ठिकाणीं आहेत कीं नाहींत, हें तेथें उभें राहिल्यावांचून कळत नाहीं.