उठाबशा



मी डॉक्टर नाही. इंजिनिअर आहे, दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत बसून प्रोग्रॅम लिहिते. पण गेली दोन वर्षं आईच्या निमित्ताने एका विषयावर बरंच वाचत आले: म्हातारपणी स्नायूंचं काय होतं.

आपल्या आयांनी डोक्यावर हंडे वाहिले, वाकून कापूस वेचला. कळण्याच्या भाकरी थापायला त्या खाली बसायच्या आणि हात न टेकता उठायच्या. सत्तरी आली की आपण प्रेमाने म्हणतो, "आई, आता तू नुसती बस." हंडा जातो, शेत सुटतं, मग खाली बसणंही सुटतं. न वापरलेला स्नायू शरीर सांभाळत नाही. वयाने तो झिजतोच, बसून राहिल्याने जास्त झिजतो. १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी याला 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवलं. वजनकाट्यावर ते कळत नाही, कारण स्नायूची जागा चरबी घेते.

आपली शिल्लक तर जन्मापासूनच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या सहा खेड्यांतली बाळं तपासली. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांचं ३.५. कमी होते ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. तेव्हा "मी तर सडपातळ आहे" असं म्हणणाऱ्यांनी (मागच्या रांगेत दोघं हसताहेत) फार खूश होऊ नये.

ताकद मोजायला यंत्र लागत नाही. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलं की १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर तपासणी करून घ्यावी.

आणि उशीर झाला असंही नाही. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त माणसांकडून आठ आठवडे, देखरेखीखाली, पायांनी वजन उचलून घेतलं. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मी तो आकडा तीनदा वाचला. सकाळच्या फेरफटक्याने हे होत नाही. चालणं हृदयाला चांगलं, पण स्नायूला ओझं लागतं. सोबत खाणंही लागतं. संध्याकाळी चहा-बिस्किटावर भागवणाऱ्या आजी-आजोबांच्या ताटात डाळ, दूध, अंडी यायला हवीत.

माझ्या आईला पहिल्या दिवशी २१ सेकंद लागले. आता १४ लागतात. बाबा मोजतात आणि मुद्दाम हळू मोजतात, असा तिचा आरोप आहे.

सर, बाई, तुम्ही आम्हाला उठाबशा काढायला लावल्यात, त्याची परतफेड आज करायची आहे. मागे भिंतीला टेकवून चार लाकडी खुर्च्या ठेवल्या आहेत. प्लॅस्टिकच्या नकोत, घसरतात. गुडघा किंवा छाती दुखत असेल त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी जेवणाआधी या, वेळ मी लावते.